चोक सोडला की बंद

'मिस्त्रीकाका, रामराम. माजलगाव धरणाच्या काठावर आमचं गाव. जमीन धरणात गेली तेव्हापासून घरात मासेमारीच. आम्ही तिघे भाऊ पहाटे जातो, ऊन चढायच्या आत परततो. 18 फुटी फायबरची होडी आहे, तिला 8 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन, सहा वर्षांखाली मालवणकडून जुनं आणलेलं. दोन महिने झाले, चोक ओढला तर चालतंय, चोक सोडला की बंद. म्हणून 15 हॉर्सपॉवरचं नवं फोर-स्ट्रोक घ्यायचं ठरवलंय. आता घरात भांडण लागलंय. पुतण्या आयटीआय झालाय, तो म्हणतो इंजेक्शनवालंच घ्या, कार्बोरेटरचा जमाना गेला. आबा म्हणतात, पाण्यात मधोमध बंद पडलं तर कार्बोरेटर उघडता तरी येतो, त्या इंजेक्शनवाल्याला काय दवाखान्यात न्यायचं का? दोन्हींत 45 हजारांचा फरक सांगितलाय. पैसे कर्ज काढूनच द्यायचेत. शेजारी म्हणतो, एवढे कशाला घालता, जुन्या व्हॅनचं इंजिन बसवा. काय करावं?
एक मच्छीमार, ता. माजलगाव'

रामराम दादा,

पत्र दोनदा वाचलं. कार्बोरेटर म्हणजे हवेच्या ओढीनं पेट्रोल खेचून हवेत मिसळणारा भाग, आणि इंजेक्शन म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं पेट्रोल फवारणारी व्यवस्था. इंजेक्शन की कार्बोरेटर हा तुमच्या घरातला वाद, पण माझी नजर अडकली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या ओळीवर. चोक ओढला तर चालतंय, सोडला की बंद. हे इंजिन म्हातारं झाल्याचं लक्षण नाही दादा. त्याचा घसा बसलाय.

चोक म्हणजे हवेच्या वाटेवरचं झाकण. ते लावलं की हवा कमी होते, ओढ वाढते, पेट्रोल जास्त येतं. इंजिन चोकवर चालतं आणि एरवी चालत नाही, म्हणजे एरवी त्याला पेट्रोल कमी पडतंय. कमी रेसवर पेट्रोल पुरवायचं काम पायलट जेटचं, म्हणजे कार्बोरेटरमधल्या एका बारीक पितळी नळीचं. त्याचं भोक बारीक सुईचं टोक जाईल न जाईल एवढं. एक कण बसला की पुरे.

तेव्हा कर्जाच्या अर्जावर सही करायच्या आधी कार्बोरेटर उतरवा. होडीत नव्हे, घरी, खाली पांढरं फडकं अंथरून, कारण आपल्या काळ्या मातीत पितळी स्क्रू पडला की तो खरिपातच उगवायचा. खालची फ्लोटची वाटी, म्हणजे तरंगत्या गोळ्याची पेट्रोल साठवणारी वाटी, उघडली की आधी वास येईल. पेट्रोलचा नाही, जुन्या व्हार्निशच्या डब्याचा. वाटीच्या तळाला पिवळट चिकट थर दिसेल, नखानं खरवडला तर निघणारा. मग पायलट जेट काढा. खाचेत नीट बसणाराच स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर पितळ लगेच कातरतं. जेट निघाला की आभाळाकडे धरून एका डोळ्यानं बघा. स्वच्छ गोल उजेड दिसला तर ठीक. अंधार दिसला, किंवा चंद्रकोर दिसली, तर आजार सापडला.

कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा, तासभर भिजू द्या, मग पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा. तार घालू नका. उमेदवारीत असताना मी क्लच केबलची एक तार घालून असाच जेट 'साफ' केला होता. भोक मोठं झालं, इंजिन काळा धूर ओकायला लागलं, दिवसभरात दोन प्लग काळे पडले आणि नवा जेट उस्तादांनी माझ्याच पगारातून आणला.

साफ करूनही तसंच राहिलं, तर मग गॅस्केटमधून, म्हणजे जोडातल्या पट्टीमधून, हवा ओढतंय किंवा क्रँकचं ऑइल सील गेलंय. ते काम मोठं आहे. पण तोवर चोक अर्धा ओढून ढकलत राहू नका. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि एक दिवस पिस्टन सिलिंडरला धरून बसेल, तोही नेमका वारा सुटलेला असताना.

हे सगळं सांगितलं ते नवं इंजिन घेऊ नका म्हणून नाही. 18 फुटी होडी, तीन माणसं, ओली जाळी आणि वर माल, हे 8 हॉर्सपॉवरला जडच आहे. 15 घ्या. पण तुमचा जुना आजार कशानं झाला हे कळल्याशिवाय नवं कुठलं घ्यायचं ते ठरत नाही.

उन्हाळ्यात धरण खाली जातं, काठ अर्धा किलोमीटर आत सरकतो, धंदा मंदावतो. इंजिन काढून घरात ठेवता ना? वाटीत पेट्रोल तसंच. बीडच्या 42-43 अंशांत पत्र्याच्या खोलीत त्याचा हलका भाग उडून जातो आणि मागे राहतो तो चिकटा. सगळा घसा तिथं बसतो. शिवाय आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. उसाच्या पट्ट्यात राहून त्याला नावं ठेवणं बरं नाही, पण होडीच्या टाकीत त्याचा स्वभाव वेगळा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. टाकीला श्वासाचं भोक असतंच, आणि होडी रात्रंदिवस पाण्यावर. पाणी एका मर्यादेपुढे गेलं की ते इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं, आणि पेट्रोलची नळी नेमकी तळातूनच ओढते.

आबांना खरं वाटत नसेल तर एक गंमत दाखवा. उंच काचेच्या बाटलीत 100 मिली पेट्रोल, त्यात 20 मिली पाणी, झाकण लावून हलवा आणि ठेवून द्या. चुलीपासून लांब, अंगणात. खाली बसलेलं पाणी 20 मिली दिसायला हवं. दिसेल जवळजवळ दुप्पट. ते वाढलेलं पाणी म्हणजे पेट्रोल सोडून पाण्याशी संसार थाटलेलं इथेनॉल.

दुसरी गोष्ट. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. कार्बोरेटरचे जेट साध्या पेट्रोलच्या हिशोबानं कापलेले, त्यामुळे इंजिन थोडं कोरडं चालतं, म्हणजे गरम चालतं. मोटरसायकलला ते खपून जातं, तिला उतार मिळतो, सिग्नल मिळतो. होडीच्या इंजिनाला उतार नाही. ते सतत नांगर ओढणाऱ्या ट्रॅक्टरसारखं भाराखाली. बहुतेक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून लावायच्या इंजिनांच्या, कंपन्यांच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. तुम्ही घ्याल त्या इंजिनाची पुस्तिका दुकानातच उघडून ते पान वाचून घ्या, मग कार्बोरेटर असो की इंजेक्शन.

पुतण्या इथं म्हणेल, इंजेक्शन आपोआप सांभाळून घेतं. त्याला सांगा, गाडीत घेतं. गाडीच्या सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो, तो धुराचा वास घेऊन कॉम्प्युटरला सांगतो की पेट्रोल वाढव, कमी कर. 15-20 हॉर्सपॉवरच्या आउटबोर्डमध्ये बहुधा तो नसतो. तिथला कॉम्प्युटर हवेचा दाब, तापमान आणि फेरे बघून ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे पेट्रोल सोडतो. पेट्रोलच बदललं तर त्याला पत्ता नाही. सेन्सर आहे का, हे डीलरला विचारायचं काम पुतण्याचंच.

बाकी पोराचं म्हणणं खोटं नाही. इंजेक्शनमध्ये पंप साधारण अडीच-तीन बार दाबानं पेट्रोल नोझलमधून फवारतो, मोटरसायकलच्या टायरमधल्या हवेपेक्षा जास्त दाब. फवारा धुक्यासारखा, जळतो नीट. डिसेंबरच्या पहाटे चोक नाही, रेस नाही, एक-दोन ओढीत चालू. जाळं सोडताना तासभर हळू चालवलं तरी प्लग काळे होत नाहीत. आणि इंजेक्शनला बॅटरी लागेल ही भीती आता जुनी झाली. सुझुकी, टोहात्सू, मर्क्युरी यांची या ताकदीची बिनबॅटरीची इंजेक्शन इंजिनं आहेत. दोरी ओढली की फ्लायव्हीलच्या चुंबकातून जी वीज निघते तेवढ्यावर कॉम्प्युटर, पंप आणि नोझल जागे होतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं, मी बॅटरी शोधत झाकणाभोवती दोन फेऱ्या मारल्या होत्या.

उन्हाचाही मुद्दा आहे. मे महिन्यात दुपारी इंजिन दहा मिनिटं बंद ठेवलं की त्याची धग वाटीतल्या पेट्रोलला लागते, ते उकळतं, आणि मग दोरी ओढून खांदा निखळला तरी इंजिन येत नाही. इंजेक्शनमध्ये दाबामुळे हा त्रास कमी. पण तुम्ही पहाटे जाता आणि ऊन चढायच्या आत परतता, त्यामुळे या मुद्द्याला मी तुमच्यापुरते कमी गुण देतो. उंचीचंही कुणी सांगेल की कार्बोरेटर समुद्रसपाटीच्या हिशोबाचा असतो. असतो, पण आपलं धरण सव्वाचारशे-साडेचारशे मीटरवर. एवढ्याला जेट बदलावा लागत नाही. हवा विरळ असल्यानं थोडी ताकद जाते ती दोघांचीही जाते, इंजेक्शन काही हवा तयार करत नाही.

आता आबांचा प्रश्न, दवाखान्याचा. मी हसलो, पण प्रश्न खरा आहे.

गंमत अशी की मेकॅनिकचा जमाना उलटा फिरतोय. एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले आणि बहुतेक नव्या मोटरसायकली इंजेक्शनवर गेल्या. आज माजलगावच्या कुठल्याही गॅरेजात विशीतला पोरगा इंजेक्टर ओळखतो, पंपाचा आवाज ऐकतो, फ्यूज बघतो. त्यालाच कार्बोरेटर दिला तर फ्लोटची पिन कुठून काढायची हे विचारेल. आणखी दहा वर्षांनी कार्बोरेटर उघडणारा शोधावा लागेल. म्हणजे पुतण्याचा 'जमाना गेला' अगदीच हवेत नाही. पण त्या पोराच्या हातातला स्कॅनर मोटरसायकलची भाषा बोलतो, आउटबोर्डची नाही. आउटबोर्डचं स्कॅनिंग आणि सुटे भाग कंपनीच्या डीलरकडे, आणि डीलर समुद्रकाठी. बीडहून मुंबईला इंजिन टेम्पोत घालून न्यायचं, आठ दिवस तिथं ठेवायचं, पुन्हा आणायचं. त्या आठ दिवसांत तुमची जाळी कोरडी. 45 हजारांच्या फरकात हा खर्च कोणी धरत नाही.

आणि उंदीर. हसू नका. इंजेक्शनच्या झाकणाखाली बारीक वायरींचं जाळं असतं. ज्या खोलीत धान्याची पोती, त्याच खोलीत इंजिन. दोन महिन्यांनी पोत्यांबरोबर वायरीही कुरतडलेल्या. कार्बोरेटरच्या इंजिनाला कुरतडायला फारसं काही नसतंच. होडी उलटून इंजिन पाण्यात गेलं तरी तेच. कार्बोरेटरवालं त्याच दिवशी प्लग काढून, पाणी उपसून, ऑइल बदलून पुन्हा उभं करता येतं. इंजेक्शनवाल्याचे कनेक्टर बंदिस्त असतात हे खरं, पण एका कनेक्टरमध्ये ओल राहिली तर ती शोधणारा माणूस पुन्हा मुंबईलाच.

पैशाचं गणित करू. तुम्ही वर्षाला 250 फेऱ्या मारता आणि फेरीला इंजिन दीड तास चालतं असं धरतो, म्हणजे 375 तास. 15 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक पूर्ण रेसला तासाला साडेपाच लिटरच्या आसपास पितं, हळू-जोरात मिळून सरासरी 3 लिटर धरा. वर्षाचं 1125 लिटर. इंजेक्शननं 10 टक्के वाचवले, हे मी सढळ हातानं धरतोय, तर 112 लिटर. लिटरला 105 रुपयांनी वर्षाला पावणेबारा हजार. 45 हजार फिटायला जवळजवळ चार वर्षं, आणि कर्जाचं व्याज वेगळं. खरी बचत तुम्हाला टू-स्ट्रोक सोडून फोर-स्ट्रोकवर जाण्यात होणार आहे. जुनं इंजिन बरंच पेट्रोल न जळताच बाहेर टाकतं, म्हणून तर होडीमागे पाण्यावर तो रंगीत तवंग दिसतो. ती बचत दोन्ही इंजिनांत सारखीच मिळेल.

शेजाऱ्याच्या व्हॅनच्या इंजिनाचं दोन शब्दांत आटोपणार होतो, पण इथं जिवाचा प्रश्न आहे. गाडीच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट अडकला तर पेट्रोल बाहेर सांडतं. रस्त्यावर ते खाली गळून वाऱ्यानं उडून जातं. होडीच्या पोटात ते कुठं जाणार? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती तळाशी साचून बसते, वास आला न आला तोवर स्टार्टरची एक ठिणगी पुरते. होडीच्या आत बसवायच्या इंजिनाचा कार्बोरेटर वेगळा असतो, त्यात जादा पेट्रोल बाहेर न सांडता परत आतच ओढलं जातं. त्याचा स्टार्टर आणि डायनॅमोही ठिणगी बाहेर पडणार नाही असे बंदिस्त असतात. व्हॅनच्या इंजिनात यातलं काहीच नाही. फुकट दिलं तरी घेऊ नका.

तर माझं मत. तुम्ही कार्बोरेटरवालं 15 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक घ्या. वाचलेल्या 45 हजारांपैकी निम्म्याचं कर्ज काढूच नका, आणि बाकीच्या निम्म्यातून पाणी वेगळं करणारा पेट्रोल फिल्टर, एक जादा पायलट जेट, कार्बोरेटरचा गॅस्केट संच, दोन प्लग आणि पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा घेऊन ठेवा. तो पंखा मे महिन्यातल्या गाळानं झिजतोच. गाळाला कार्बोरेटर कळत नाही आणि इंजेक्शनही कळत नाही. इंजिन थंड करून मागून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली की इंजिन बंद, एवढं तिघा भावांनी पाठ करा. तीन लाइफ जॅकेटही याच पैशांतून. पोहता येतं हे मला सांगू नका.

हे मत तुमच्या होडीपुरतं, तुमच्या धंद्यापुरतं आहे. उद्या पुतण्यानं पर्यटकांची बोट काढली, 40 हॉर्सपॉवरचं तीन सिलिंडरचं इंजिन लावलं, तर त्याला मी डोळे झाकून इंजेक्शन सांगेन. तीन कार्बोरेटर एका सुरात लावणं हे तीन भावांना एका मतावर आणण्यासारखं काम आहे, आणि दिवसाला आठ-आठ तास चालणाऱ्या इंजिनाचं पेट्रोलचं गणित वेगळं येतं. जुनं, वापरलेलं इंजेक्शन इंजिन मात्र कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. पहिल्या मालकानं त्यात काय प्यायला घातलं ते तुम्हाला कळणार नाही.

नव्याला एकच सवय लावा. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त उभं राहणार असेल तर काठावर येताना शेवटच्या पन्नास फुटांत पेट्रोलची नळी काढून टाका आणि इंजिन आपोआप बंद पडू द्या. वाटी रिकामी होईल. लांबच्या विश्रांतीला वाटीखालचा निचऱ्याचा स्क्रूही ढिला करा, उरलेलं चमचाभर पेट्रोल बाटलीत काढा. एवढं केलंत तर तुमचा चोकचा आजार पुन्हा यायचं कारण नाही. पुतण्याला इथं एक बजावून ठेवा, कारण तो कधी ना कधी इंजेक्शनचं इंजिन हाताळणारच. ही सवय तिकडे लावायची नाही. इंजेक्शनचा पंप पेट्रोलनंच थंड राहतो, तो कोरडा फिरवला की जळतो. तिथं टाकीत ताजं पेट्रोल ठेवायचं आणि आठवड्याला दहा मिनिटं पाण्यात चालवायचं.

दुकानात जाताना आबांनाही न्या, आणि घरून निघायच्या आधी होडीच्या मागच्या फळीची उंची टेपनं मोजा. 15 इंच निघाली तर आखूड शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा पाण्यात जाणारा खालचा दांडा, 20 निघाली तर लांब. आखूड शाफ्ट उंच फळीवर लावला तर होडी ढकलणारा पंखा पाण्याऐवजी हवाच घुसळत बसेल, मग आत कार्बोरेटर आहे की इंजेक्शन हे विचारायलाही कुणी थांबणार नाही. आणि फळी नीट ठोकून बघा. तुमचं जुनं इंजिन 25-30 किलोचं असेल, नवं फोर-स्ट्रोक 45 ते 50 किलोपर्यंत जाईल. फायबरच्या आतलं लाकूड कुजलं असेल तर ठोकल्यावर बद्द आवाज येतो. तसा आला तर आधी फळी करून घ्या, इंजिन महिनाभरानं आणलं तरी चालेल. तोवर जुनं चालवा, पायलट जेट साफ केलेलं.